वाचकांचे प्रश्न : मे महिन्यातील थंड तलाव आणि कॅनूवरची मुक्कामी सफर

प्रश्न : आम्ही टोरोंटो परिसरात राहणारे सहा मित्रमैत्रिणी आहोत. व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला जोडून चार दिवस ओंटारियो प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यानात कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट हलकी होडी, घेऊन मुक्कामी जाण्याचा आमचा बेत आहे. चौघांनी सह्याद्रीत पुष्कळ भटकंती केली आहे आणि दोघांनी मागच्या उन्हाळ्यात काही तास भाड्याची कॅनू वल्हवली आहे. कॅनू लेकवरून निघून बर्न्ट आयलंड, ऑटरस्लाइड, बिग ट्राउट, मॅकिंटॉश आणि टॉम थॉमसन या तलावांवरून फेरी पूर्ण करून परत यावे, असे नकाशा पाहून ठरवले आहे. हा बेत योग्य आहे का, आणि तयारी कशी करावी?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : जागेची निवड उत्तम आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान कॅनडातील सर्वांत जुने प्रांतिक उद्यान असून त्याचा विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. त्यातील दोन हजारांहून जास्त तलाव आणि त्यांना जोडणारे ओढे, नद्या व पायवाटा यांचे जाळे इतके दाट आहे की महामार्ग क्रमांक ६० मागे टाकून पाण्याला लागले म्हणजे कित्येक दिवस रस्त्याशी संबंध येत नाही. तरीही आपण आखलेली फेरी या खेपेला करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. अनुभवी माणसेही या फेरीला चार-पाच दिवस हातात ठेवून निघतात. ऑटरस्लाइडच्या ओढ्यावर एकामागून एक पोर्टेज, म्हणजे कॅनू आणि सामान खांद्यावर घेऊन चालण्याच्या वाटा, लागतात, आणि बिग ट्राउटसारख्या विस्तीर्ण तलावावर वारा सुटला तर किनाऱ्यावर दिवसभर बसून राहावे लागते. चार दिवसांत सगळे बसवायचे असेल, तर वारा असला तरी पुढे निघण्याचा मोह होतो, आणि वसंतात नेमके तेच घातक ठरते.

अंतरापेक्षाही मला काळजी वाटते ती पाण्याच्या तापमानाची. या तलावांवरील बर्फ साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला फुटतो. बर्फ गेल्या-गेल्या पाणी जेमतेम ४ अंश सेल्सियस असते, आणि व्हिक्टोरिया डेपर्यंत, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारपर्यंत, मोठ्या तलावांचा वरचा थरही सहसा फारसा तापलेला नसतो. हवा मात्र दुपारी १८-२० अंशांपर्यंत जाते, ऊन चांगले लागते, आधी अंगातले जाड कपडे निघतात आणि मग अडचण होते म्हणून लाईफजॅकेटही कॅनूच्या तळाशी जाऊन पडते. मे महिना म्हटला की आपल्या मनात उन्हाळाच असतो. तिथे मात्र तो नुकताच हिवाळ्यातून बाहेर पडलेला असतो, आणि हवेने हिवाळा लपवला तरी पाण्याने लपवलेला नसतो.

अशा पाण्यात पडल्यावर काय होते, हे सहाही जणांनी निघण्यापूर्वी समजून घ्यावे. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी थंड पाण्याचा मानवी शरीरावर होणारा परिणाम अनेक वर्षे अभ्यासला आणि तो १-१०-१ या सोप्या क्रमात लोकांपुढे मांडला. पहिल्या १ मिनिटात अंगाला बसलेल्या गारठ्याच्या धक्क्याने श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि मग धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणीच आत जाते. पुढच्या सुमारे १० मिनिटांत हातापायांतील रक्त शरीराच्या मध्यभागाकडे ओढले जाते, बोटे वळत नाहीत, कॅनूची कड धरवत नाही आणि उत्तम पोहणाऱ्याचेही हात चालेनासे होतात. शरीराचे तापमान उतरून शुद्ध हरपायला मात्र साधारण १ तास लागतो. याचा अर्थ असा, की वसंतातल्या पाण्यात माणूस बहुधा गारठून मरण्याच्या कितीतरी आधी, श्वासावरचा आणि हातांवरचा ताबा सुटल्यामुळे बुडतो. आणि लाईफजॅकेट अंगात, चेन लावलेले असेल, तर ही पहिली मिनिटे निभावून नेता येतात. कॅनूत ठेवलेले लाईफजॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. कायद्याने प्रत्येक माणसामागे एक लाईफजॅकेट कॅनूत असणे आवश्यक आहे. मी म्हणेन की मे महिन्यात किनाऱ्यावरून पाऊल कॅनूत ठेवण्यापूर्वी ते अंगात असावे आणि पुन्हा किनाऱ्यावर पाऊल पडल्यावरच काढावे, आणि गटातील कोणाला हे मान्य नसेल तर त्याने जुलैत जावे. त्याशिवाय प्रत्येक कॅनूत किमान १५ मीटर लांबीची, पाण्यावर तरंगणारी दोरी आणि एक शिट्टी हवीच. शिट्टी दोरीने लाईफजॅकेटलाच बांधावी.

यावरून पुढचे सगळे नियम आपोआप ठरतात. कपडे हवेकडे पाहून न घालता पाण्याकडे पाहून घालावेत. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवावेत, कारण भिजलेले सूत अंगाची ऊब काढून घेते आणि वाळत नाही. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस आणि वर वारा व पाऊस अडवणारे जॅकेट असा वेश योग्य ठरतो. परवडत असेल तर निओप्रिनचा वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब धरणारा घट्ट रबरी पोशाख, भाड्याने घ्यावा. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि स्लीपिंग बॅग पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तोंड नीट गुंडाळून ठेवावी आणि ती पिशवी कॅनूला बांधावी. रात्री पारा शून्याच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो, त्यामुळे ओली स्लीपिंग बॅग ही त्या दिवसात नुसती गैरसोय राहत नाही.

तलाव सरळ मधून ओलांडण्याऐवजी किनारा धरून जावे, मग अंतर दीडपट झाले तरी चालेल. तिन्ही कॅनू एकमेकींना हाक ऐकू जाईल इतक्या जवळ ठेवाव्यात, कारण उलटलेल्या कॅनूला सर्वांत लवकर मिळणारी मदत शेजारच्या कॅनूचीच असते. तिची पद्धत अशी : पाण्यातील दोघांनी मदतीला आलेल्या कॅनूची टोके धरून राहावे, कॅनूतील दोघांनी उलटलेल्या कॅनूचे एक टोक उचलून आपल्या कॅनूच्या कडेवर आडवे घ्यावे आणि ती पालथीच आपल्याकडे ओढत न्यावी, म्हणजे आतले पाणी निथळून जाते, मग ती सुलटी करून पाण्यात सोडावी, दोन्ही कॅनूंच्या कडा घट्ट धरून ठेवाव्यात आणि एकेकाला आत घ्यावे. वाचायला हे सोपे असले तरी गारठलेल्या हातांनी पहिल्यांदाच करायला जमत नाही, म्हणून निघण्यापूर्वी एखाद्या कॅनू क्लबच्या बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावातील सराव वर्गात सहाही जणांनी ते करून पाहावे. किनारा हाताच्या अंतरावर असेल, तर कॅनू आणि सामान सोडून आधी माणसांना जमिनीवर न्यावे. सामान वाहत वाहत कुठेतरी किनाऱ्याला लागतेच.

वाऱ्याचेही एक वेळापत्रक असते. पहाटे तलाव बहुधा शांत असतो आणि दुपारकडे वारा वाढत जातो, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणापर्यंत मुक्कामी पोचण्याचा क्रम ठेवावा. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला, तर नवख्यांनी पाण्यावर जाऊच नये, आणि पाण्यावर असताना दिसला तर कॅनूत गुडघ्यांवर बसून, वजन खाली आणून, जवळच्या किनाऱ्याला लागावे.

आता पर्यायी बेत. कॅनू लेकच्या उत्तर टोकाला छोटासा बांध आहे, त्याला वळसा घालणारी २९५ मीटरची रुंद, सोपी वाट पार केली की ‘जो लेक’ नावाचा तलाव लागतो. तिथून टीपी आणि लिटलडो या तलावांवरून टॉम थॉमसन लेकपर्यंत दुसरे एकही पोर्टेज न करता जाता येते. पहिल्या दिवशी तिथे पोचावे, तीन रात्री एकाच जागी तंबू ठेवावा, मधले दोन दिवस हलक्या कॅनूने आसपास फिरावे आणि चौथ्या दिवशी सकाळीच परतीला लागावे. मधल्या दोन दिवसांपैकी एक दिवस वाऱ्याने किंवा पावसाने खाल्ला तरी काही बिघडत नाही, आणि हाच या बेताचा सर्वांत मोठा गुण आहे. परतताना जो लेकच्या टोकाला बांधाजवळ येताच किनारा धरावा, कारण वितळलेल्या बर्फाचे पाणी बांधावरून जोरात जात असते. ज्या चित्रकाराचे नाव त्या तलावाला दिले आहे, तो टॉम थॉमसन या पाण्यात वर्षानुवर्षे वावरलेला होता. ८ जुलै १९१७ रोजी तो कॅनू लेकवर एकटा निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. मृत्यूच्या कारणाबद्दल आजही वाद आहे. कॅनू लेकच्या काठावर १९३० मध्ये उभारलेला त्याचा स्मृतिस्तंभ आहे, तो वारा नसेल तर जाता-येता अवश्य पाहावा.

पोर्टेज एकच असले तरी त्याचा विचार आधी करावा. केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची १६-१७ फुटी कॅनू साधारण २० किलोची असते, ॲल्युमिनियमची त्याहून बरीच जड. भाडे थोडे जास्त पडले तरी केव्हलारचीच घ्यावी. सामान एका खेपेत जाणार नसेल तर दोन खेपा कराव्या लागतात, म्हणजे तीच वाट तीन वेळा चालावी लागते. २९५ मीटरला हे चालून जाते, पण आपण आखलेल्या मोठ्या फेरीत सगळ्या पोर्टेजची बेरीज तिपटीने वाढली असती. कॅनू दोघांनी मिळून उचलून तिसऱ्याच्या खांद्यावर, मधल्या आडव्या लाकडावर तोलून द्यावी आणि चालणाऱ्याच्या पुढे एकाने वाट पाहत चालावे, कारण डोक्यावर कॅनू घेतलेल्याला आपल्या पावलांपुरतेच दिसते आणि मे महिन्यात या वाटांवर चिखल आणि ओली मुळे असतात. सह्याद्रीत चाललेल्या चौघांची इथे फार मदत होईल.

आरक्षण पाच महिने आधीपासून करता येते. ते तलावाचे होते, विशिष्ट जागेचे होत नाही. त्या तलावाच्या काठी झाडावर नारिंगी पाटी असलेली जी जागा रिकामी दिसेल ती आपली. सुट्टीच्या आठवड्यात लवकर पोचणे त्यासाठीही बरे. एका जागी जास्तीत जास्त नऊ जणांना राहता येते, तेव्हा आपले सहा जण एकत्र राहू शकतील.

प्रश्न : माझी मुलगी ओटावा येथे शिकते आणि मैत्रिणींबरोबर मे महिन्यात अशाच सफरीला निघाली आहे. ती लहानपणापासून पोहते, स्पर्धांतही भाग घेत असे, त्यामुळे लाईफजॅकेटचा आग्रह तिला अनावश्यक वाटतो. शिवाय चार दिवस फोन लागणार नाही म्हणते. इतक्या लांबून मी तिला काय सांगावे?
— एक आई, पुणे

उत्तर : तिला सांगावे, की तिचे पोहणे २५-२८ अंशांच्या पाण्यातले आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता काढून घेते, आणि पहिल्या मिनिटातील तो आपोआप ओढला जाणारा श्वास पोहण्याच्या सरावाने पूर्णपणे थांबवता येत नाही. चांगल्या पोहणाऱ्यांना याचा धोका एका अर्थाने अधिक असतो, कारण कॅनू सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटण्याची त्यांची सवय असते. उलटलेली कॅनू तरंगते. तिला धरून राहावे, श्वास लयीत येईपर्यंत हातपाय मारू नयेत आणि नंतरच काय करायचे ते ठरवावे. आपला आग्रह रास्त आहे आणि तो आपण सोडू नये.

उद्यानाच्या आतल्या भागात मोबाईलला रेंज नसते, हे ती खरेच सांगते. त्यावर उपाय असा, की निघण्यापूर्वी तिने आपल्याला आणि ओटावातील एका मैत्रिणीला लेखी कळवावे : कोणत्या ठिकाणाहून पाण्यात उतरणार, कोणत्या रात्री कोणत्या तलावावर मुक्काम, किती जणी, कॅनूंचा रंग, मोटारीचा क्रमांक, परत येण्याची वेळ, आणि किती उशीर झाल्यावर कोणाला फोन करायचा. हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ते ठरलेले नसेल तर घरची माणसे एक तर फार लवकर घाबरतात किंवा फार उशिरा हालचाल करतात. चौघी-पाच जणींनी मिळून एक सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप पाठवणारा छोटा संच, भाड्याने घेतला, तर रोज संध्याकाळी ‘सुखरूप आहोत’ एवढा निरोप पुण्यापर्यंत पोचू शकतो. तो घ्यावाच, असे मी सांगेन.

प्रश्न : आमच्या गटात तिघे पूर्ण शाकाहारी आहेत. काचेच्या बाटल्या आणि डबे नेता येत नाहीत असे ऐकले. मग लोणचे, तूप, भाज्या कसे न्यावे? स्वयंपाक चुलीवर करावा की गॅसवर?
— एक वाचिका, ब्रॅम्प्टन

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात एकदा वापरून टाकायचे आणि न जळणारे डबे व बाटल्या, म्हणजे पत्र्याचे कॅन आणि काचेच्या बाटल्या, नेण्यास मनाई आहे. पुन्हा वापरायच्या प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत लोणचे आणि तूप खुशाल न्यावे. आपला शाकाहारी स्वयंपाक या सफरींसाठी फार सोयीचा आहे. फोडणीसकट भाजून ठेवलेला रवा, जाड पोहे, खिचडीसाठी एकत्र करून ठेवलेले तांदूळ व मुगाची डाळ, पिठल्यासाठी मीठ-तिखट घातलेले बेसन, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट एवढे सामान वेळेप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून, वर ‘शनिवार रात्र’ असे लिहून ठेवले की अंधारात शोधाशोध होत नाही. चार दिवसांना कोबी आणि गाजर चांगले टिकते. थंडीत आणि वल्हवताना भूक एरवीपेक्षा जास्त लागते, त्यामुळे तूप, शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की यांत काटकसर करू नये.

शेगडी नेलीच पाहिजे. ओंटारियोत १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर हा वणव्यांचा काळ मानला जातो; वसंतात मागच्या वर्षीची पाने वाळून पडलेली असतात आणि आगीवर बंदी कधीही येऊ शकते. गॅसची छोटी टाकी घेताना त्यात नुसता ब्यूटेन नाही ना, हे पाहावे, कारण तो शून्याच्या आसपास वायुरूप होईनासा होतो आणि पहाटेच्या चहाला शेगडी फुरफुरून विझते. मिश्र वायूची टाकीही रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवली तर सकाळी नीट पेटते. पाणी तलावाचेच प्यायचे असते, पण बीव्हर आणि इतर प्राण्यांमुळे त्यात पोट बिघडवणारे जिआर्डियाचे जंतू असू शकतात, म्हणून ते गाळणीतून काढावे किंवा एक मिनिट खळखळून उकळावे.

प्रश्न : मेमध्ये काळ्या माश्या फार चावतात म्हणून आम्हाला काहींनी घाबरवले आहे. बर्फ फुटताच, माश्या येण्यापूर्वी गेलेले बरे का?
— एक वाचक, हॅमिल्टन

उत्तर : माश्यांच्या दृष्टीने मेचा पहिला आठवडा चांगला असतो, हे खरे. या ब्लॅकफ्लाय वाहत्या पाण्यात वाढतात, मेच्या मध्यापासून त्रास देऊ लागतात आणि जूनमध्ये डास त्यांच्या जोडीला येतात. पण पहिलीच सफर असेल तर माश्या पत्कराव्यात, ४ अंशांचे पाणी पत्करू नये. माशी चावते तेव्हा बहुधा कळतही नाही. कानामागे किंवा केसांच्या कडेला रक्ताचा बारीक ओघळ हाताला लागतो तेव्हा कळते, आणि सूज दुसऱ्या दिवशी येते. ती कपड्यांच्या फटीतून आत चालत जाते, म्हणून पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, बाह्यांची टोके घट्ट असावीत, रंग फिका असावा, आणि डोक्यावर जाळी घ्यावी. ती दिवसा चावते आणि अंधार पडल्यावर शांत होते. तंबूत शिरली तरी चावण्याऐवजी कापडावरच फिरत राहते. वारा लागणारी, उघड्या खडकाची जागा मुक्कामाला निवडली की निम्मा त्रास कमी होतो.

प्रश्न : अस्वलांचे काय? मसाल्याच्या वासाने ती येतात का?
— एक वाचक, टोरोंटो

उत्तर : वास कोणत्याही अन्नाचा असो, अस्वलाला तो लांबून येतो, त्यामुळे मसाल्याला वेगळा दोष देऊ नये. अल्गॉन्क्विनमध्ये काळी अस्वले आहेत आणि वसंतात ती भुकेली असतात, पण बहुतेक वेळा ती माणसाची चाहूल लागताच निघून जातात. हल्ले फार विरळ आहेत. तरी मे १९७८ मध्ये तीन किशोरवयीन मुलांचा आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये ओपिओंगो तलावातील बेटावर मुक्कामी असलेल्या एका जोडप्याचा त्यात बळी गेला आहे, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

अन्न, टूथपेस्ट, साबण आणि कचरा एकाच पिशवीत घालून ती तंबूपासून दूर, जमिनीपासून किमान ४ मीटर उंच आणि झाडाच्या खोडापासून २ मीटर लांब टांगावी. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात अन्न कोरडे राहते, पण अस्वल ते उघडू शकते, म्हणून पिंपही टांगावेच. योग्य फांदी शोधायला वेळ लागतो. दोरी उजेड असतानाच टाकून ठेवावी. तंबूत खाण्याचा कण ठेवू नये, खिशातली चिक्कीसुद्धा. अस्वल दिसले तर पळू नये, पाठ दाखवू नये. एकत्र उभे राहून, हात वर करून, मोठ्याने बोलत मागे सरकावे आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. काळे अस्वल अंगावर आलेच, तर मेल्याचे सोंग घेऊ नये, हाती येईल त्याने प्रतिकार करावा. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, नेत असाल तर तो पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावावा आणि त्याची खीळ कशी निघते हे सर्वांनी घरीच पाहून घ्यावे.

जाता-येता खरी गाठ पडण्याची शक्यता मूसची, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाची, अधिक आहे. हिवाळ्यात महामार्ग क्रमांक ६० वर टाकलेले मीठ वितळून कडेच्या चरांत साठते आणि मे महिन्यात मूस ते चाटायला रस्त्याकाठी येतात. संध्याकाळी आणि पहाटे त्यांचा गडद रंग अंधारात मिसळून जातो, म्हणून त्या वेळी मोटार हळू चालवावी, आणि शक्य असल्यास चौथ्या दिवशी उजेड असतानाच उद्यानाबाहेर पडावे.